चौकोन

कांकानमध्ये, मिलो नदीच्या पुलाशी,
लान्सिने फोन उघडतो. पान्ह्यानं नव्हे,
एका तारेनं आणि तीन ओळींच्या हुकमानं.

"रूट केला की वॉरंटी गेली, मावशी.
अजून सात महिने आहेत."

नान्तेनिन खोक्यातला कागद पुढं करते.
फ्रेंच. तिला कुठं वाचता येतंय?
"हे जाणार?"
"हेच."
"मग जाऊ दे की."

पडदा काळा. बराच वेळ काळाच.
तो घाम पुसतो,
ती दातानं कोलाची बी फोडते.

आणि लेकीच्या निरोपात,
जिथं पाच महिने नुसते चौकोन होते,
न्को लिपी उगवते, उजवीकडून डावीकडं:
आई, पोरीला तुझंच नाव ठेवलंय.

उरलेली बी
ती वॉरंटीत गुंडाळते.