पंचविसावी पुतळी

जांभळी नाक्याच्या आतल्या बोळात
माझं टंच काढायचं दुकान.
दुकान कसलं, एक यंत्र, एक काटा
आणि सासऱ्यांचा कसोटीचा दगड, जो आता कुणी मागत नाही.

ताम्हाणे दर शनिवारी येतात, चरईतून चालत,
चष्म्याच्या डबीत भिंग.
"कुणी पुतळ्या मोडायला आणल्या का, शर्वरीबाई?"
परदेशी नाणी बेचाळीस आहेत त्यांच्याकडे,
सोन्याचं एकही नाही.
व्हेनिसचा डुकाट फक्त चित्रात पाहिलाय,
पण इतका, की काठावरचे मणी
डोळे मिटून मोजतात.

त्या शनिवारी गोठिवलीच्या रेवूबाई मढवी आल्या.
रुमालात पंचवीस पुतळ्या.
सुना तीन. आठ-आठ दिल्या तर एक उरते.
"उरली ती वितळव. तिघींना सारखा तुकडा."

मी एकेक काट्यावर ठेवत गेले.
चोवीस आपल्याकडच्याच ठशाच्या,
गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांच्या.
पंचविसावी पातळ,
जोरात धरली तर वाकेल अशी.
ताम्हाण्यांचा हात माझ्या हातावर आला,
बारा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

"हा राजा, बाई. संतापुढे गुडघे टेकून निशाण घेतोय.
सहाशे वर्षं झाली असतील."
रेवूबाईंनी मान वाकडी करून पाहिलं.
"राजा नि गुडघ्यावर?
माझी सासू बोलायची, लगीन लागतंय.
मधी काठी हाय ना, ती अंतरपाटाची."
पालथी केली. बदामाच्या आकारात एक जण उभा,
भोवती चांदण्या.
"नि हा?"
"येशू."
"तो लग्नाला आला आसंल."

मग ताम्हाण्यांना कडी दिसली,
संताच्या डोक्याशी, डाग देऊन बसवलेली.
भिंग खाली आलं.
"ही नसती तर," म्हणाले, आणि पुढे असा आकडा म्हणाले
जो त्यांच्या फंडात मावला नसता.
"आता दहावा हिस्सा. तेवढा मी देतो."

त्यांच्या लेखी तो डाग.
माझ्या धंद्यात डाग म्हणजे टाका.
आणि रेवूबाईंच्या तोंडी डाग म्हणजे दागिना.

"कडी नसती तर ऱ्हायली आसती का गळ्यात?"
त्यांनी विचारलं, खरंच कळत नव्हतं म्हणून.
"तुम्ही कुठं घालनार?"
"घालायची नसते. पाकिटात. बोटसुद्धा लावायचं नसतं."

मी पुन्हा पाहिलं. राजाचं तोंड पुसून गेलंय,
संताची अर्धी दाढी शिल्लक आहे.
किती गळे, किती हळदी,
खाजणातल्या लावणीचा किती खारट घाम.
यंत्र म्हणालं, नव्व्याण्णव पूर्णांक एक.
त्याला तेवढंच विचारलं होतं.

"नको वितळवू," रेवूबाई म्हणाल्या.
"चोवीस सुनांच्या. उरली ती माझी."
रुमालाची एक दशी ओढून ओवली,
मागची गाठ मला मारायला लावली.

पुढच्या शनिवारी ताम्हाणे आले नाहीत.
त्याच्या पुढच्याला आले, भिंगाशिवाय.
"गोठिवलीला कुठली बस जाते हो?"
आणि उत्तर न ऐकताच
काट्याच्या रिकाम्या ताटलीकडे बघत बसले.