बंब

तांबट आळीत मोरेश्वर करडे जन्मला
तेव्हा म्हणे शेजारची हातोडी
एक ठोका चुकली होती.
बापाने मठारकाम शिकवलं:
ठोक्याला ठोका लागला पाहिजे,
मधे तांदळाएवढीही जागा नको.

मग लोहगाव.
कॅनबेराच्या नाकाडात पालथा पडून
काचेतून खाली बघत
एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या नऊ रात्री.
बटण दाबायचं, आणि खाली
कुणी काडी ओढावी एवढा उजेड.
"आवाज नाही रे आला कधी,"
एवढंच बोलला माझ्याशी,
तेही बशीत चहा ओतताना.

आता पेन्शन आहे, गुडघे नाहीत.
झोपतो उताणा, पालथा कधीच नाही.
आळीतली पोरं ओरडतात,
"काका, किती बंब टाकलेत?"
तो हसतो, आणि मनात खरंच मोजतो.

गिझर आल्यापासून बंब कोण घेतं?
तरी एक घडवायला घेतलाय,
गेल्या दिवाळीपासून.
एक ठोका मारतो,
कान तांब्याला लावतो,
आवाज पुरता विरू देतो,
मगच पुढचा.

समोरचे वडके म्हणतात,
अशाने हा कधी व्हायचा पुरा.