बोटभर रकाना

पटसंख्या : नऊ.
त्यातला एक सोयरू वेळीप.
खोतीगावचा डोंगर उतरून येतो
चपला हातात धरून.

फॉर्म विचारतो,
मूल 'विशेष गरजा' या गटात मोडते काय?
मोडत नाही, साहेब.
वाकतो.
फळ्याला नाक टेकेपर्यंत वाकतो
आणि तरीही 'घ'ला 'ध' म्हणतो.

'पुरवलेले साहाय्य' – रकाना बोटभर.
मी लिहिते : पहिला बाक.
खोडते.
लिहिते : माझा जुना चष्मा, दांडीला दोरा.
तेही खोडते. नंबर कुणी तपासलाय?

शेवटी 'शाळेची गुणवत्ता : अ, ब, क, ड.'
सोयरू कागदावर ओणवा,
"टीचर, हांतलो 'ड' कोणाचो?"

डोंगराचा, मी म्हटलं.

फॉर्म पाठवायला संध्याकाळी
तोच चढले, रेंजसाठी.
सोयरू पुढे.
चष्मा सांभाळत.