मागितल्यास

साउथलंडच्या टोकाला, फोव्होच्या वाऱ्याकडे पाठ करून
उभी आहे आमच्या कौन्सिलची जुनी पंपशाळा.
मालमत्ता क्रमांक शून्य त्र्याहत्तर.
छप्पर पत्र्याचं, पन्हळ पूर्वेला फुटलेली.
कागद मी सांभाळते. तिच्या विम्याची तारीख मला तोंडपाठ,
आतला वास माहीत नाही.

पट्टा एकोणीसशे ब्याऐंशीचा, टाइप केलेला,
एका शब्दावर शाई फुटलेली:
पाइप बँडला. भाडे वर्षाला एक मिरी,
मागितल्यास.
कायद्याला फुकट काही देता येत नाही,
म्हणून ही एवढीशी काळी लाज.
कुणी कधी मागितली नाही.

मग नवी संगणकप्रणाली आली.
तिला 'मागितल्यास' कळत नाही,
तिला थकबाकी कळते.
जुलैत तिनं आपणहून पत्र धाडलं:
देय एक्केचाळीस.
कशाचे, ती जागा रिकामी.
खाली सही माझी.

एरेना व्हायटिरी, बँडची खजिनदार,
ओल्या गमबुटांनी आली,
जॅमची बरणी काउंटरवर उपडी केली.
"मोजून घे."
मी मोजल्या. कुत्र्याचा परवाना काढायला आलेला
मागचा माणूसही ओठांतल्या ओठांत मोजत होता.
एक्केचाळीस.
एक घरंगळली, हीटरखाली गेली.
आमच्याकडे म्हण आहे, डोक्यावर मिऱ्या वाटण्याची.
वाटणारी मीच होते,
आणि मिऱ्या तिनं घरून आणल्या होत्या.

पावती छापली. रक्कम शून्य पूर्णांक शून्य शून्य.
तिनं ती घडी घालून पाकिटात ठेवली,
पैशांच्या कप्प्यात.

सप्टेंबरच्या बैठकीत पट्टा गेला फर्गस डॅल्गिशला.
कॉफी भाजतो तो. दहा वर्षं, बाजारभावानं,
पन्हळही दुरुस्त करणार.
वाईट माणूस नाही. सातव्या वर्षी
तिथंच ढोल शिकला, बैठकीत हे सांगताना
टेबलावर बोटं वाजवत होता.
बँडला मागची खोली, परवान्यावर.
एरेनानं विचारलं, फरक काय?
मी म्हटलं, पट्टा म्हणजे किल्ली तुमची.
परवाना म्हणजे कुलूप आमचं,
आणि मंगळवारचे सहा ते आठ तुमचे.
तिनं खिशातून किल्ली काढली.
दात झिजलेले, टार्टनची फीत.
फीत सोडवून घेतली, किल्ली ठेवली.

आता मंगळवारी पावणेसहाला ते कुलूप मी उघडते.
आत ओल्या लोकरीचा वास,
वर जळकट कॉफीचा.
पहिला सूर लागेपर्यंत थांबते. पाइप आधी नुसताच रडतो,
मग कुठं गाण्यावर येतो.
तेवढा वेळ माझ्या कामात धरलेला नाही.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आला, डनीडनहून, तरुण.
नोंद एक्केचाळीस, पाकिटात चाळीस.
त्यानं दोनदा मोजल्या, वास घेतला, शिंकला.
'तफावतीचे कारण नमूद करावे',
एवढं लिहून जेवायला गेला.

मी अजून लिहिलेलं नाही.
हीटर लावला की
दुपारपर्यंत खोलीला हलकासा तिखट वास येतो.