वाफ

इनास रेबेलोच्या पडवीत, रायबंदरला,
फेरीच्या धक्क्यापासून सात घरं सोडून,
भिंतीला टेकून उभ्या असतात कार्बनच्या काठ्या:
कड्या नाहीत, मूठ नाही,
कुणाच्या हाताची सवय नाही अजून.

मी डिचोलीहून शनिवारी येते शिकायला.
पहिला महिनाभर त्याने दोऱ्याला हात लावू दिला नाही.
पूस, म्हणाला.

"आणि फेणीने नको."
मी विचारलंही नव्हतं. सगळे विचारतात म्हणे.
फेणीत पाणी, फेणीत काजूचा अंश,
पुसून झाल्यावरही काठीवर मागे राहतो तो,
आणि वरून इपॉक्सी लावलं की
त्यात गोल गोल खळगे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे,
आपल्याकडेच बघत बसतात.

अ‍ॅसिटोनचा डबा वरच्या फळीवर.
पेडण्याच्या एका डॉक्टरची हिरवी काठी होती,
इनासची पहिली ऑर्डर.
दोनदा पुसली, आणि हिरवा रंग
सगळा फडक्यात आला.
फडकं अजून ठेवलंय त्याने. दाखवतो नव्या माणसाला.
बाकी सगळं आयसोप्रोपिलने. चमचाभर.
जुन्या बनियनचा तुकडा, दोनदा धुतलेला,
मुठीकडून टोकाकडे. परत फिरायचं नाही.

निळे हातमोजे. दोन्ही खिडक्या सताड.
आणि डासांची अगरबत्ती आधी विझव, बाय,
आधी म्हणजे बूच फिरवायच्या आधी.
वाफ जड असते.
भरतीचं पाणी मानशीतून शेतात शिरतं
तशी ती जमिनीलगत पसरते, खोली न् खोली शोधत.
म्हणून सायबिणीपुढची वातही गेली त्याच्या घरातून,
तिथे आता छोटा लाल बल्ब.
आई असती तर बोलली असती, म्हणतो.

बोटाला इपॉक्सी लागलं तेव्हा मी
सवयीने स्पिरिटकडे हात नेला.
त्याने मनगट धरलं.
"ते धुवत नाही. पातळ करून आत नेतं."
साबण दिला. वेळ लागला. लागू दे म्हणाला.

ओली फडकी चुरगळून कुठे टाकायची नाहीत;
कुंपणाच्या चिऱ्यांवर एकेक पसरायची,
वाळली की झाकणाच्या डब्यात.
शेजारची मांजर तिथे फिरकत नाही.

एवढं सगळं मी वहीत लिहून घेतलं.
एक विचारायचं राहिलं होतं:
प्रत्येक डब्यावर हाताने काढलेली कवटी कशाला,
छापील लेबल असताना?

इनास मूठ घासत राहिला.
मग आतल्या दाराकडे मान वळवून म्हणाला,
"रोमाल्द वाचायला थांबला नसता."

धाकटा भाऊ. फेस्ताच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा.
सोळा वर्षांपूर्वी, वीज गेलेली, मे महिना,
टेबलावर सोड्याची बाटली,
आणि तिच्यात इनासने ओतून ठेवलेला थिनर.
एकच घोट. ठसका लागला, तो छातीत गेला.
बांबोळीला एकवीस दिवस.
माणूस आला परत.
कॉर्नेट कपाटावर आहे, पिशवीत.

"कुणी ओतलं होतं" असं कुणीच विचारलं नाही, म्हणाला.
पोलिसांनी नाही, आईने नाही. रोमाल्दनेही नाही.

आज डिसेंबरातला शनिवार, चोडणच्या बाजूला धुकं.
माझी पहिली काठी पुसून झाली.
रोमाल्द आतून येतो, दारात थांबून,
मग खुर्चीपाशी थांबून.
काठी हातात घेतो, ओठांपुढे आडवी धरतो
आणि हलका श्वास सोडतो तिच्यावर.
काळ्या कार्बनवर बाष्प उमटतं,
सारखं, सलग,
फक्त एका जागी फाटतं.
तिथे माझा अंगठा लागलेला.

"हांगा," तो म्हणतो. इथे.
तेवढ्यानेही दम लागतो त्याला.

मी पुन्हा फडकं घेते.
इनास उठून, आधीच उघडी असलेली खिडकी
पुन्हा एकदा ढकलून बघतो.