पाहून लिही

साल्तो शहराच्या खालच्या अंगाला
उरुग्वे नदी वळताना जिथं रेंगाळते
तिथं पाण्यात उभी एक लोखंडी पट्टी,
पांढरे आकडे, निम्मे शेवाळानं खाल्लेले.
नेलिदा एचेबेरी ती एकतीस वर्षं वाचत आली.
सकाळी सात, संध्याकाळी सात.
काखेत थर्मास, हातात कडू येर्बाचा तुंबा,
कानामागं पेन्सिल, सुतारासारखी.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात होतं : प्रशिक्षण, तीन दिवस.
पहिल्या दिवशी ती म्हणाली, "पाहून लिही."
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी मी विचारलं, आणखी काही?
"आहे ना. ही पायरी घसरते."

मी ऐकून होतो तिच्याविषयी.
पुरात घर गेलं तेव्हा छपरावर बसून
शेजारणीच्या पोराला ती वाहत्या खुर्च्या मोजायला शिकवत होती म्हणे.
हसत होती. वेड्यासारखं नव्हे,
आत कुणीतरी घरी असल्यासारखं.
खरं तर त्यासाठीच मी ही नोकरी धरली.
माझं घर कोरडं होतं
आणि आत कुणीच नव्हतं.

आमच्या सरकारी कॅलेंडरात नाताळ म्हणजे 'कुटुंबाचा दिवस',
पवित्र आठवडा म्हणजे 'पर्यटनाचा'.
देव इथं कधीचाच निवृत्त झाला, पेन्शनशिवाय.
तरी मी विचारलंच : प्रार्थना करतेस? श्वास मोजतेस?

तिनं तुंबा भरला. मला दिला नाही, स्वतः प्यायली.

"आनिबाल गेला त्या साली मी सगळं करून पाहिलं.
मेणबत्त्या लावल्या. समुद्रात येमांजाला कलिंगड सोडलं.
मोंतेविदेओला एका बाईनं कपाळावर गारगोटी ठेवली.
गारगोटी गार होती, एवढं कळलं.
आणि ऐक, त्या अख्ख्या वर्षात मी नदीवर गेलेच नाही.
अंथरुणात पडून आकडे लिहिले.
तीन वीस. तीन पंचवीस.
शोभतील असे.

एका रात्री पाणी सहावर गेलं. माझ्या वहीत साडेतीन.
उलिसेस बेंतांकोरनं माझा आकडा रेडिओवर ऐकला नि निवांत झोपला.
सकाळी त्याच्या अकरा हजार कच्च्या विटा
परत माती झालेल्या."

कुणाला कळलं नसतं. नदीच्या माथी मारता आलं असतं.
ती गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, सांगून टाकलं.
त्यानं माफ केलं नाही.
फावडं दिलं.

सत्तावीस दिवस तिनं चिखल तुडवला, साच्यात थापला,
उन्हात विटा उलथल्या. तो चकार शब्द बोलला नाही.
"शेवटी म्हणाला, अजून दोन हजार बाकी.
त्याही केल्या.
माफी त्यानं मरेपर्यंत दिली नाही.
काही दिवसांनी मी वाट पाहणंही विसरले."

मग?

"मग काय. पट्टीपाशी आले. पाणी दोन त्र्याऐंशी.
मी लिहिलं, दोन त्र्याऐंशी.
इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली.
उद्या जाईल म्हटलं. गेलं नाही.
आनिबालच्या वाढदिवसाला मी अजून रडते हं,
खाटकाशी भांडते, गुडघा ठणकतो.
ते सगळं वर-खाली होतं. हे आपलं तिथंच."

हे म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही.
किल्ली दिली आणि बहिणीकडं निघून गेली.

पाच महिने झाले.
आज सकाळी असं धुकं, की पट्टीच दिसेना.
काल चार दोन होतं. आज चार पाच लिहिलं असतं तर
कुणाचं काय बिघडलं असतं?
पेन्सिल टेकलीही होती कागदाला.
मग बूट काढले, पाण्यात उतरलो, उभा राहिलो.
पलीकडं टेरू-टेरू ओरडत होता, उगाच.
चाळीस मिनिटांनी चार सात दिसलं.
पाय बधिर, आणि मला चक्क हसू आलं.

संध्याकाळी मिर्ताचा फोन, दर रविवारसारखा.
कसा आहेस, दादा?
गेली नऊ वर्षं मी अंथरुणातूनच सांगत आलोय : मजेत.

आज म्हणालो, थांब जरा.
पाहून सांगतो.