चार बोटं

काकतीच्या पुढं, हायवेच्या डाव्या हाताला
पत्र्याची लांब शेड. आत ढीग:
उद्यमबागेतल्या फौंड्र्यांच्या तेलकट चिंध्या,
रंगाचा गाळ, तुटके पट्टे,
निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ,
आणि कुणीतरी न बघता टाकलेला
खेळण्यातला फुगलेला सेल.

मला आगीचं चित्र काढायचंय,
ती लागायच्या आधी.

ढीग चार मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही.
दोन ढिगांत सहा मीटर मोकळे,
जेसीबी वळेल इतके.
मालक जागा मोजतात,
मी वारा मोजते.

थंडीच्या सकाळी उकिरड्यात हात घातलाय कधी?
आत ऊब असते.
तीच. फक्त इथं तिला तेल मिळतं.

छताच्या कॅमेऱ्याला ही ऊब दिसते, रंगांत.
निंगव्वाला वासावरून कळते.
पट्ट्याजवळ बसून ती तांब्याच्या तारा निवडते
आणि मान न वळवता म्हणते, "कस बिसी आगेत्री."
कस, तिच्या बोलीत, म्हणजे केरकचरा.
माझ्या आजोळी कस जमिनीला असायचा,
गेला की मामा गप्प व्हायचा.
मी ढिगाकडं बघत राहते, दोन्ही अर्थांनी,
आणि सातव्या खांबावरचं लाल बटण
वीस सेंटिमीटर खाली आणते,
तिचा हात पोचेल इथं.

मग पाणी.
चौरस मीटरला मिनिटाला बारा लिटर,
दोनशे साठ चौरस मीटर,
नव्वद मिनिटं.
दोन लाख ऐंशी हजार लिटर
नुसतं पडून राहणार,
कुणाच्या तोंडाला न लागता.
आणि विझवून झालेलं पाणी मोकळं सोडायचं नाही,
काळं होऊन ते मार्कंडेय नदीत उतरेल.
त्याला वेगळा बांध, वेगळा खड्डा.
"न लागलेल्या आगीसाठी दोन-दोन तळी?"
मालक म्हणाले.
म्हटलं, होय. दोन.

मे महिन्यात चाचणीला गेले.
डिझेल पंप तिसऱ्या झटक्याला धरला, ठीक.
टाकीच्या आतल्या पट्टीवर मात्र पाणी
चार बोटं खाली.
वॉल्व्ह बघितले, सांधे चाचपले,
कुठं ओल नाही.
रात्रपाळीचे भरमाण्णा सांबरेकर
टोपी हातात घेऊन उभे.
"आटूलंय बाई. ऊन बगा की."

कुंपणापलीकडं वस्तीची पाऊलवाट.
तारेखालची माती गोल गोल दबलेली,
घागरीच्या बुडाएवढी.

चार बोटं म्हणजे साडेपाच हजार लिटर.
पावणेचारशे घागरी.
नव्वदातली पावणेदोन मिनिटं.
शेवटची पावणेदोन:
विझली असं वाटून
माणसं पाइप गुंडाळायला लागतात
तेव्हाची.

हे मला माहीत होतं.
भरमाण्णांनाही, बहुतेक.

काही विचारलं नाही.
ऑफिसात येऊन नकाशा उघडला,
टाकीची भिंत एक वीत वाढवली.
बदलाचं कारण लिहायला एक रकाना असतो.
लिहिलं: बाष्पीभवन.
मग कुंपणाच्या बाजूला एक साधा नळ काढला.
नळ खाली, पण त्याची नळी आत
जुन्या पातळीवर उघडणारी.
वरचं एक वीत संपलं की नळ कोरडा.
त्याखालचं आगीचं,
ते आगीशिवाय कुणाला निघायचं नाही.
नळाचा उपयोग: पाण्याचा नमुना घेणे.

मालकांनी चष्मा वर करून वाचलं.
"नमुना कितीदा घ्यायचा?"

उन्हाळ्यात, म्हटलं, रोज.